मावशी, मामा, सिस्टर

आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा तिला घेऊन सतरा दिवस आम्ही एका इस्पितळात होतो. तिसऱ्या दिवसापर्यंत तिथे माझा चांगला गोतावळा जमला होता. स्ट्रेचर ढकलणारे मामा, बेडपॅन देणाऱ्या मावशी, सलाइन लावणाऱ्या सिस्टर, कॅथेटर बदलायला येणारे ब्रदर. एक्स-रेला न्यायची वेळ झाली की व्हरांड्यातून हाक यायची, "मामा, चार नंबर!" मग रबरी चपला फटफटवत पन्नाशीचे एक गृहस्थ येत. त्यांच्या कमरेला रुंद पट्टा होता. मला वाटलं, माणसं उचलायला सोपं जावं म्हणून इस्पितळाने दिला असेल. तो त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतला होता. वर्षानुवर्षं दुसऱ्यांना उचलून त्यांच्याच मणक्यात गॅप आली होती. घरी जायच्या दिवशी मी नाव विचारलं, तर म्हणाले, "मामाच म्हणा की. नाव काय करायचंय?" नंतर कळलं की ते इस्पितळाचे नोकर नव्हतेच. ठेकेदाराचे होते, आणि ठेकेदार दर अकरा महिन्यांनी बदलायचा.

इस्पितळात गेलं की आपल्याला सगळे नातेवाईकच भेटतात, कामगार कोणीच भेटत नाही, हे तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं. सिस्टर हा शब्द जोगिणींच्या मठातून आला, मेट्रनच्या मुळाशी आई आहे, आणि मावशी-मामा ही आपण घरची भर घातली. पोलिसालाही मामा म्हणतात, पण त्या मामात धाक असतो. वॉर्डातल्या मामात तो नसतो. त्यात प्रेम असतं हे खरंच आहे. आईला उठून बसवताना त्या मावशीने जो हात दिला तो पगारात मोजता येणारा नव्हता. पण एकदा नातं लावलं की हिशेबाची भाषा करायला जीभ कचरते. मावशीने जादा तासांचे पैसे मागितले तर ती मावशी राहत नाही, 'आजकाल यांनाही माज आलाय' या सदरात जाते.

इस्पितळांत आणि दीर्घकाळच्या शुश्रूषेत राबणाऱ्यांच्या संघटनांची हकीकत पुढच्या पानांत आहे. तिची प्रस्तावना लिहायला बसलो तेव्हा गिरणी कामगारांच्या इतिहासाचा साचा हाताशी होता: संप, मोर्चा, गोळीबार, पुढारी. तो इथे बसत नाही. गिरणीतल्या माणसाला आपण कामगार आहोत हे कुणाला पटवून द्यावं लागलं नव्हतं. भोंगा वाजायचा, तो आत जायचा. इस्पितळातल्या माणसाची लढाई एक पायरी अलीकडून सुरू होते. पगार वाढवा म्हणण्याआधी त्याला म्हणावं लागतं, की मी जे करतो ते काम आहे. सेवा आहे हे कबूल, दया आहे हेही कबूल, पण काम आहे.

गंमत अशी की ही लढाई जवळजवळ एकाच सुमारास दोन बंदरांच्या शहरांत चालू होती, आणि एकाला दुसऱ्याची खबर असल्याचं कुठे दिसत नाही. एक न्यू यॉर्क, दुसरं मुंबई.

न्यू यॉर्कमध्ये १९३२ साली औषधांच्या दुकानांतल्या नोकरांची एक संघटना उभी राहिली. पुढे शाखेचा क्रमांक ११९९ हेच तिचं नाव झालं आणि आजही आहे. लिऑन डेव्हिस हा तिचा पुढारी रशियातून लहानपणी आलेला, औषधशास्त्र शिकता शिकता शाळा सोडलेला. सभासद बहुतेक ज्यू औषधविक्रेते आणि दुकानांतले कारकून, पाच-सहा हजारांच्या आसपास. बऱ्यापैकी मिळवणारी, पांढरपेशी म्हणावी अशी ही मंडळी. १९५८ मध्ये त्यांनी ब्रॉन्क्समधल्या माँटेफिओर इस्पितळाकडे मोर्चा वळवला. तिथे फरशी पुसणारे, भांडी घासणारे, कपडे धुणारे, ताटं वाढणारे होते बहुतेक काळे आणि पोर्तो रिकोहून आलेले लोक. डिसेंबरात मतदान झालं: संघटनेच्या बाजूने ६२८, विरुद्ध ३१.

शहरातली मोठी इस्पितळं धर्मादाय होती. त्यांच्या विश्वस्त मंडळांवर नावाजलेले, उदार, दानशूर लोक. इस्पितळ नफा कमावत नाही, तेव्हा इथे मालक-नोकर हा प्रश्नच उद्भवत नाही, असं ते मनापासून मानत. कायदाही त्यांच्या बाजूने होता. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने ना-नफा इस्पितळांना सामुदायिक वाटाघाटींच्या हक्कातून वगळलं होतं. या दानाचा हिशेब मात्र कुणी करत नव्हतं. झाडूवाल्याला आठवड्याला तीस-चाळीस डॉलर मिळत, त्यावर कुटुंब चालत नसे, म्हणून पूर्णवेळ नोकरी करूनही कित्येक जण सरकारी मदतीच्या रांगेत उभे राहत. इस्पितळाला देणगी देणारा विश्वस्त दाता म्हणून ओळखला जायचा. दर आठवड्याला आपल्या पगारातून देणगी देणाऱ्या झाडूवाल्याचं नाव कुठल्या संगमरवरी पाटीवर नव्हतं.

८ मे १९५९ ला सकाळी साडेतीन हजार माणसं बाहेर पडली. संप ४६ दिवस चालला. इस्पितळांनी स्वयंसेवक बोलावले, चांगल्या घरच्या बायका येऊन ट्रे वाटू लागल्या. संघटनेने पैसे उभे केले ते त्या औषधविक्रेत्यांच्या खिशातून. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. ज्यांचा स्वतःचा पगार वाढणार नव्हता त्यांनी, ज्यांच्याशी रंगाचं, भाषेचं, धर्माचं काही नातं नव्हतं त्यांच्यासाठी, वर्गणी काढली. आपल्याकडे परिचारिकांची संघटना वेगळी, चतुर्थ श्रेणीची वेगळी, तंत्रज्ञांची वेगळी, निवासी डॉक्टरांची तर सर्वस्वी वेगळी. एकीचा संप सुरू झाला की दुसरी 'नैतिक पाठिंबा' देते. नैतिक पाठिंबा म्हणजे काळी फीत.

जूनमध्ये संप मिटला तेव्हा संघटनेला मान्यता मिळाली नाही. तासाला एक डॉलर किमान मजुरी, चाळीस तासांचा आठवडा आणि तक्रारींसाठी एक समिती एवढंच हाती आलं. डेव्हिसने त्याला विजय म्हटलं, आणि पुढच्या चार वर्षांत तो खरा करून दाखवला. १९६२ मध्ये पुन्हा संप झाला, न्यायालयाचा हुकूम मोडल्याबद्दल तो तुरुंगात गेला, आणि १९६३ साली राज्याने कायदा करून शहरातल्या धर्मादाय इस्पितळांच्या कामगारांना वाटाघाटींचा हक्क दिला. मार्टिन लूथर किंग या संघटनेला आपली आवडती संघटना म्हणत. त्यांची हत्या झाली त्याच्या पुढच्या वर्षी, १९६९ मध्ये, दक्षिणेतल्या चार्ल्सटनला इस्पितळातल्या काळ्या बायकांनी संप केला तेव्हा किंग यांच्या पत्नी कोरेटा त्या बायकांच्या मोर्च्यात चालल्या. संप ११३ दिवस चालला. तिथेही मान्यता नाहीच मिळाली.

आता मुंबई. साल तेच, मागचं-पुढचं.

जे. जे. समूहाच्या इस्पितळांत वॉर्ड सर्व्हंट म्हणून लागलेल्या दोन बायकांना काही वर्षांच्या नोकरीनंतर नोटीस देऊन कमी केलं गेलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. सरकारच्या नागरी पुरवठा खात्यातली माणसं मोकळी झाली होती, त्यांना कुठेतरी बसवायचं होतं. रेशनिंग आवरलं आणि त्याची झळ वॉर्डातल्या बायांना लागली, असा हा सरकारी कारभाराचा नमुना. त्यांच्या बाजूने हॉस्पिटल मजदूर सभा न्यायालयात गेली. म्हणणं साधं होतं: औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे नोकरकपात करताना भरपाई द्यावी लागते, ती दिली नाही, म्हणून ही कपात बेकायदा. सरकारचं उत्तर त्याहून साधं होतं: तो कायदा उद्योगांना लागू आहे, आणि इस्पितळ हा उद्योग नव्हे. गोरगरिबांवर उपचार करणं हे सरकारचं कर्तव्य, त्यात धंदा कुठला?

उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने बायकांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा सरकार अपिलात सर्वोच्च न्यायालयात गेलं. दोन वॉर्ड सर्व्हंटांची भरपाई वाचवण्यासाठी मुंबई राज्याने दिल्लीपर्यंत धाव घेतली हे वाचून हसू येतं, पण सरकारला कळत होतं की प्रश्न दोघींचा नाही. जानेवारी १९६० मध्ये निकाल लागला. तो लिहिला न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकरांनी. सातारचा माणूस, संस्कृत पंडितांच्या घरातला. त्यांनी नफ्याचा मुद्दा बाजूलाच ठेवला. समाजाला लागणाऱ्या सेवा पुरवण्यासाठी माणसं नेमून, पद्धतशीरपणे, मालक आणि नोकर यांच्या सहकार्याने एखादं काम चालत असेल तर तो उद्योग. त्यातून कुणाला पैसा सुटतो की नाही हे पाहायचं कारण नाही. म्हणजे करणारा कशासाठी करतो हे न बघता, ते काम कसं चालतं हे बघा. विश्वस्ताच्या अंतःकरणाकडे न बघता मामांच्या कमरेकडे बघा, असंही म्हणता येईल. ते न्यायमूर्तींचे शब्द नव्हेत, माझे आहेत.

मे महिन्यात महाराष्ट्र राज्य झालं. जानेवारीच्या निकालात हरलेलं 'मुंबई राज्य' तेव्हा उरलंच नव्हतं, निकाल मात्र उरला. फार टिकला असं नाही. १९७० मध्ये दिल्लीच्या सफदरजंग इस्पितळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. १९७५ मध्ये सोलापूरच्या धनराजगिरजी इस्पितळाचा खटला आला. तिथे न्यायालयाने म्हटलं की इस्पितळाचं मुख्य काम परिचारिकांना शिकवणं, खाटा आहेत त्या त्यांच्या सरावासाठी. म्हणून हाही उद्योग नव्हे. खाटेवर कण्हत पडलेल्या सोलापूरकराला आपण अभ्यासक्रमाचा भाग आहोत हे तेव्हा कळलं असेल. मग १९७८ च्या फेब्रुवारीत बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या गाजलेल्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी सगळं पुन्हा सरळ केलं: इस्पितळ हा उद्योग, धर्मादाय असलं तरी उद्योग. त्यावर १९८२ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त करून इस्पितळं वगळली, पण ती दुरुस्ती अमलातच आली नाही, कारण वगळलेल्यांनी तक्रार कुठे न्यायची याची सोय कुणी केली नव्हती. २०१७ मध्ये हा सगळा प्रश्न नऊ न्यायमूर्तींपुढे ठेवायचं ठरलं. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत धर्मादाय, सामाजिक कार्य करणाऱ्या संस्थांनी चालवलेल्या आस्थापना उद्योगाच्या व्याख्येतून बाहेर ठेवल्या आहेत. मुंबई-पुण्यातली कितीतरी बडी इस्पितळं धर्मादाय न्यासाची आहेत. तिथल्या बिलांचे आकडे पाहिलेल्या वाचकाला आणखी काही सांगायला नको.

एका गोष्टीची मात्र नोंद केलीच पाहिजे. जुन्या औद्योगिक विवाद कायद्याला एक परिशिष्ट होतं: ज्या उद्योगांना सार्वजनिक उपयुक्ततेची सेवा म्हणून जाहीर करता येईल त्यांची यादी. तसं जाहीर झालं की नोटीस दिल्याशिवाय संप करता येत नसे. त्या यादीत इस्पितळं आणि दवाखाने होते. म्हणजे भरपाई द्यायची वेळ आली की इस्पितळ उद्योग आहे की नाही यावर वीस-वीस वर्षं खल, आणि संप रोखायचा असला की ते उद्योगांच्या यादीत आधीपासून बसलेलं.

संपाचा विषय निघालाच आहे, तर तो टाळून पुढे जाणं बरं नाही. या क्षेत्रातल्या संघटनांवर पहिला आणि शेवटचा आक्षेप तोच असतो. गिरणी बंद पडली तर कापड निघत नाही, वॉर्ड बंद पडला तर माणूस जातो. 'कामबंद आंदोलन, रुग्णांचे हाल' हा मथळा आपल्याकडची वर्तमानपत्रं इतक्यांदा छापतात की तो जुळवूनच ठेवला असावा. मी स्वतः आईच्या उशाशी बसलो असताना त्या सतरा दिवसांत संप झाला असता तर मी काय बोललो असतो ते इथे लिहिण्याजोगं नाही. तेव्हा आक्षेप खोटा आहे असं मी म्हणणार नाही. मी एवढंच म्हणेन की तीस-चाळीस रुग्णांमागे रात्रपाळीला एक सिस्टर असते तेव्हाही रुग्णांचे हाल होतात, आणि ते रोज होतात, म्हणून त्यांची बातमी होत नाही. अमेरिकेने १९७४ मध्ये ना-नफा इस्पितळांना कायद्याखाली परत आणलं तेव्हा संपाआधी दहा दिवसांची नोटीस बंधनकारक केली. दहा दिवसांत रुग्ण हलवता येतात, शस्त्रक्रिया पुढे ढकलता येतात आणि बहुधा तडजोडही होते. हक्क मान्य केला की त्याला शिस्त लावता येते. हक्कच नाकारला तर संप व्हायचा राहत नाही, तो अचानक होतो.

आणि संपाच्या उलट्या बाजूचंही एक उदाहरण आहे, ते आपल्याच परळचं.

२७ नोव्हेंबर १९७३ ला के.ई.एम. इस्पितळात अरुणा शानबाग या पंचवीस वर्षांच्या परिचारिकेवर त्याच इस्पितळातल्या एका सफाई कामगाराने अत्याचार केला, कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. ती जगली, पण परत आली नाही. शहरातल्या परिचारिकांनी तेव्हा काम बंद केलं: आम्हाला इथे सुरक्षितपणे काम करता आलं पाहिजे, एवढंच मागणं. हल्लेखोरही इस्पितळाचाच कामगार होता, हे या विषयावर लिहिणाऱ्याला अडचणीचं वाटतं, म्हणून बहुतेक जण ते वाक्य गिळतात. ते गिळू नये. कामगार म्हटलं की सगळे एका बाजूचे होत नाहीत. वॉर्डात पुरुष असतो, बाई असते, जात असते, हुद्दा असतो, आणि संघटनेला या सगळ्यातून वाट काढावी लागते.

पुढची बेचाळीस वर्षं अरुणा त्याच इस्पितळात होती. परिचारिकांच्या तुकड्या येत गेल्या, निवृत्त होत गेल्या, नवीन मुलींना जुन्या तिची ओळख करून देत. ऐंशीच्या दशकात महापालिकेने तिला दुसरीकडे हलवायचा घाट घातला, खाट मोकळी व्हावी म्हणून. परिचारिकांनी कडाडून विरोध केला आणि बेत बारगळला. २०११ मध्ये तिच्या दयामरणाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली तेव्हा डॉक्टरांचं पथक तिला पाहायला आलं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या त्या देहावर एकही बेडसोर नव्हता. ज्याने घरात कुणाला चार महिने झोपून असलेलं पाहिलंय त्याला या एका वाक्याचा अर्थ कळेल. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ पुसायची, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, बेचाळीस वर्षं. न्यायालयापुढे एक प्रश्न असाही होता, की या बाईचं जवळचं माणूस कुणाला म्हणायचं? ७ मार्चच्या निकालात उत्तर आलं: के.ई.एम.च्या कर्मचाऱ्यांना. परिचारिकांनी त्या दिवशी मिठाई वाटली.

म्हणून नात्याच्या शब्दावर मी सुरुवातीला जो राग काढला तो थोडा मागे घेतो. नातं दुसऱ्याने लावलं की ते पगार कापायला उपयोगी पडतं. त्यांनी स्वतः लावलं तर महापालिकेला माघार घ्यायला लावतं.

खासगी इस्पितळांचं चित्र निराळं. तिथे नात्याचंही सोंग नसतं, बाँड असतो. कर्ज काढून शिकलेल्या मुली, बऱ्याचशा केरळच्या, मुंबई-दिल्लीच्या इस्पितळांत लागत. मूळ प्रमाणपत्रं इस्पितळ ठेवून घेई आणि मध्येच सोडायचं तर मोठी रक्कम मागे. २०११ च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या एका खासगी इस्पितळात काम करणाऱ्या मल्याळी परिचारिकेने जीव दिला. तिच्या सहकारी रस्त्यावर उतरल्या, आणि त्याच वर्षअखेर केरळात युनायटेड नर्सेस असोसिएशन उभी राहिली. कुठल्या पक्षाची शाखा नाही, कुठल्या मध्यवर्ती कामगार संघटनेची उपशाखा नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने छोट्या खासगी इस्पितळांतसुद्धा परिचारिकेला महिना २०,००० रुपयांखाली पगार नसावा असं सुचवलं. शिफारस सगळ्या राज्यांना गेली. केरळात ती २०१८ च्या एप्रिलमध्ये वेतनाच्या अधिसूचनेत उतरली, कारण तिथे तिच्यामागे संपाची नोटीस देऊ शकणारं कुणीतरी उभं होतं.

आपल्याकडे संघटना जुन्या, अनुभवी, महापालिकेत तर दबदबा असलेल्या. पण त्यांचा पाया आहे कायम कामगार. आकृतिबंधातली पदं मंजूर, भरती बंद, निवृत्त झालेल्याच्या जागी ठेकेदाराचा माणूस. सफाईच्या कामात जात स्पष्ट दिसते: लाड-पागे समितीच्या शिफारशींनी वारसाला नोकरी मिळण्याची सोय केली, तिने अनेक घरं सावरली हे खरं, आणि तेच काम त्याच घरात राहिलं हेही खरं. आता त्याच घरातला मुलगा बापाच्याच वॉर्डात ठेकेदाराच्या हाताखाली निम्म्याहून कमी पैशात लागतो आणि बापाची संघटना त्याला सभासद करून घेताना घुटमळते. न्यू यॉर्कचीही कथा पुढे एकसंध राहिली नाही. डेव्हिस १९८२ मध्ये निवृत्त झाल्यावर ११९९ मध्ये अशी भांडणं लागली की काही वर्षं ती मालकाशी लढायचं सोडून स्वतःशीच लढत होती. संघटना ही माणसांचीच असते.

२२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता आपण सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या. मीही वाजवली. लाट ओसरल्यावर कोविड केंद्रांतली कंत्राटी माणसं घरी पाठवली गेली तेव्हा वाजवल्याचं आठवत नाही. त्याच काळात न्यू यॉर्क राज्यातल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहांचा अभ्यास झाला. जिथे कामगारांची संघटना होती तिथे कोविडने मरण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळलं. एन-९५ मास्कही तिथे जास्त उपलब्ध होते. मास्क नाही तर आत जाणार नाही, असं म्हणण्याची सोय ज्याला असते तो म्हाताऱ्यांनाही वाचवतो.

इस्पितळात निदान छप्पर एक असतं, मस्टर एक असतं, दुपारी डबा खायला एक जिना असतो. संघटना जिन्यावरच जन्माला येते. दीर्घकाळच्या शुश्रूषेतली बाई एकटी असते, दुसऱ्याच्या घरात, बंद दाराआड. अमेरिकेत १९७४ च्याच दुसऱ्या एका कायदादुरुस्तीने घरी जाऊन म्हाताऱ्यांची देखभाल करणारीला 'सोबतीण' ठरवून किमान वेतन आणि जादा तासांच्या हक्कातून वगळलं. एव्हलिन कोक ही जमैकाहून आलेली बाई न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात वर्षानुवर्षं आजाऱ्यांना न्हाऊ-खाऊ घालायची, कधी चोवीस तासांची पाळी. तिने जादा तासांचे पैसे मागितले. २००७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तिच्याविरुद्ध निकाल दिला: कायद्यात सोबतीण म्हटलंय, म्हणजे सोबतीण. दोन वर्षांनी ती गेली. नियम बदलला तो २०१३ मध्ये. लॉस एंजेलिसमधल्या घरोघरच्या सेविकांची अडचण आणखी वेगळी होती. पगार सरकारी पैशातून यायचा, कामावर ठेवायचा तो रुग्ण, आणि न्यायालय म्हणायचं यांना मालकच नाही. मग संघटनेने दहा वर्षं खपून आधी मालक निर्माण करवून घेतला: काउंटीचं एक प्राधिकरण, जे वाटाघाटीच्या टेबलावर समोर बसेल. १९९९ मध्ये एका मतदानात ७४,००० सेविका संघटनेत आल्या.

पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला होता, त्यातून संघटना झाली. २००८ मध्ये राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण ब्युरोची आया त्यात कुठे बसते हे कुणी नीट सांगत नाही. ब्युरो म्हणजे काय हे पुणेकराला समजवायला नको. मुलं न्यू जर्सीला आणि आईवडील कोथरूडला, यांच्यामधली जागा ब्युरोने भरली आहे. आईला घरी आणल्यावर आम्हीही ब्युरोला फोन केला. रात्री आठ ते सकाळी आठ अशी नाइट ड्युटीला एक बाई येऊ लागली. आईला ती आजी म्हणायची, मला दादा. आईचं अंग पुसताना ती आधी पाण्यात स्वतःचं कोपर बुडवून बघायची, तान्ह्या बाळाच्या आंघोळीला बघतात तसं. आम्ही ब्युरोला किती देतो आणि तिच्या हातात किती पडतात, हे मी पहिले दोन महिने विचारलं नाही. विचारल्यावर कळलं, की एक खाडा झाला तर दोन दिवसांचे कापतात.

एका सकाळी ड्युटी संपल्यावर तिने पिशवीतून एक छापील अर्ज काढला. वस्तीतल्या एका बाईने नोंदणीसाठी सगळ्यांना वाटला होता. नाव, वय, पत्ता तिने भरलं होतं. एक रकाना रिकामा होता: मालकाचे नाव व सही. "दादा, इथं तुमचं लिहायचं का ब्युरोचं?" मी ब्युरोला विचारलं. ते म्हणाले, आम्ही फक्त सेवा पुरवतो, मालक तुम्ही. मी मनात म्हटलं, मी तर फक्त ग्राहक. अर्ज दोन दिवस फ्रिजवर चुंबकाखाली होता. मी या विषयावर लेख लिहिलेला माणूस, सभांना गेलेला, आणि त्या रकान्यापुढे पेन घेऊन उभा. तिसऱ्या दिवशी सही केली.

संध्याकाळी ब्युरोतून फोन आला. आवाजात काळजी होती. "साहेब, सही कशाला केलीत? उद्या ती पीएफ मागेल."